नवी चेन टाकली तरी पॅडल सटकतंय? दोष नेमका कुठे, ते असं शोधा

चढावर उभं राहून जोर दिला की पॅडल एकदम खाली जातं, कटाक् असा आवाज होतो आणि पायाला हिसका बसतो. सपाट रस्त्याला काही जाणवत नाही. पण कॅरिअरला दुधाचे कॅन लागले, मागे कुणी बसलं किंवा समोरून वारं आलं की पुन्हा तेच. परभणी, मानवत, सेलू या पट्ट्यात शाळेतल्या मुलामुलींच्या सायकली दुरुस्त करताना सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच आहे: "सर, परवाच नवी चेन टाकली, तरी सटकायलीय."

मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या मुलींच्या सायकली असोत, घरातली जुनी दांडीची सायकल असो की भावाची गिअरची, गोष्ट बहुतेक एकाच क्रमाने घडत जाते. आधी चेन ताणून घेतात. मग एक इंच काढून छोटी करतात. मग नवी टाकतात. तीनदा पैसे जातात आणि सटकणं तसंच राहतं. हा विषय मला गंभीर वाटतो, कारण उसाच्या ट्रॉल्या सुरू असतात त्या दिवसांत अरुंद रस्त्याच्या कडेने सायकल हाणणाऱ्या पोरीचं पॅडल ऐन वेळी निसटलं, तर ती कुठल्या बाजूला पडेल ते सांगता येत नाही.

पॅडल सटकण्याची कारणं चार-पाच आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. म्हणून पाना हातात घेण्याआधी दोष शोधायचा.

चाक बांधून करायची तपासणी

सायकल जमिनीवर उभी ठेवा, स्टँडवर नको. मागच्या चाकाची रिम दोरीने फ्रेमला घट्ट बांधा, म्हणजे चाक फिरणार नाही. एकाने हँडल आणि सीट धरावी. उजवं पॅडल पुढच्या बाजूला आडवं आणा आणि दोन्ही हातांनी अंगाचा भार देऊन खाली दाबा. चेनकव्हर असेल तर आधी काढून ठेवा, नाहीतर बघायचं तेच दिसणार नाही. बोटं चेनपासून लांब ठेवा. आता नजर फ्रीव्हीलवर, म्हणजे मागच्या चाकाच्या छोट्या दातेरी चक्रावर.

चेन फ्रीव्हीलच्या दातांवर चढून पुढच्या दातात जाऊन पडत असेल, तर चेन किंवा दाते झिजलेले आहेत. चेन दातांत नीट बसलेली आहे, पण फ्रीव्हीलचं दातेरी कडं चेनसोबत फिरतंय आणि चाक मात्र जागेवर आहे, असं दिसलं तर दोष फ्रीव्हीलच्या पोटातल्या खटक्यांचा. चेन आणि चेनव्हील (पॅडलजवळचं मोठं दातेरी चक्र) दोन्ही स्थिर असताना डावं पॅडल दाबल्यावर तेवढंच खाली जातं, तर डाव्या क्रँकची, म्हणजे पॅडल धरणाऱ्या दांड्याची, कॉटर पिन (त्याला मधल्या दांड्यावर पक्की धरणारी खिळी) गेली. आणि सगळं चाकच पुढे ओढलं जाऊन टायर फ्रेमच्या डाव्या नळीला घासत असेल, तर मागच्या अ‍ॅक्सलचे नट ढिले आहेत. चेन उजव्या बाजूने ओढते, म्हणून अ‍ॅक्सलचं उजवं टोक पुढे सरकतं आणि टायर डावीकडे वळतो.

कधी कधी बांधलेल्या चाकावर काहीच होत नाही आणि चालवताना मात्र हिसका बसतो. तेव्हा किती फेऱ्यांनी बसतो ते मोजा. पॅडलच्या दर फेरीला एकदा, ठरलेल्या जागी होत असेल तर क्रँक, पॅडल किंवा चेनव्हील बघायचं. दोन-सव्वादोन फेऱ्यांनी एकदा होत असेल तर चेनची एखादी कडी कडक झालेली असते. हिशोब सोपा आहे. चेनव्हील ४४ दातांचं असेल तर पॅडलच्या एका फेरीत चेनच्या ४४ कड्या पुढे जातात. चेन साधारण १०० कड्यांची धरली तर ती पूर्ण फिरायला सव्वादोन फेऱ्या लागतात. पॅडल हळूहळू उलटं फिरवा आणि फ्रीव्हीलवरून सुटणारी चेन बघत राहा. कडक कडी वाकडीच राहते, लगेच दिसते. तिच्या दोन्ही बाजूंना चेन धरून आडवी, डावी-उजवी, थोडी हलवा आणि तेलाचा थेंब सोडा. बहुतेक वेळा मोकळी होते.

चेन मोजायची सुतात

चेनकडे नुसतं बघून ती झिजली की नाही ते कळत नाही. चकचकीत चेन संपलेली असू शकते आणि तांबूस गंज धरलेली अजून चांगली असू शकते. चेन ढिली असणं आणि झिजलेली असणं या तर पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. ढिली चेन चाक मागे ओढून ताणता येते. झीज ताणून जात नाही.

चेनच्या एका पिनपासून शेजारच्या पिनपर्यंतचं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतं. साधी सायकल असो की महागडी गिअरची, हे माप एकच. म्हणजे २४ कड्यांचे बरोबर १२ इंच झाले पाहिजेत. सुताराकडे असतो तसा लोखंडी टेप घ्या, ज्यावर इंच आणि सूत दोन्ही आहेत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. टेपच्या टोकाचा हुक थोडा हलतो, म्हणून शून्यापासून मोजू नका, १ इंचाच्या खुणेपासून सुरुवात करा. पॅडल जरा दाबून वरची चेन ताठ ठेवा. एका पिनच्या मधोमध १ इंचाची खूण धरा आणि तिथून, ती पिन न धरता, २४ वी पिन कुठे येते ते बघा.

ती १३ इंचावर बरोबर आली तर चेन ठणठणीत आहे, दोष दुसरीकडे शोधा. अर्धा सूत पुढे गेली असेल तर आताच चेन बदला. या टप्प्यावर सहसा फ्रीव्हील वाचलेलं असतं आणि एकट्या चेनवर भागतं. पूर्ण एक सूत पुढे गेली असेल, तर चेन आणि फ्रीव्हील दोन्ही बदलायची तयारी ठेवा आणि चेनव्हीलचे दातेही तपासा. १२ इंचात एक सूत म्हणजे जवळपास एक टक्का वाढ. ऐकायला किरकोळ, पण ती प्रत्येक कडीत वाटलेली असते.

मोजायला टेप नसेल तर चेनव्हीलच्या अगदी पुढच्या टोकाला चेन दोन बोटांत धरून पुढे ओढा. दाताचा अर्धा भाग उघडा पडला तर झीज बरीच आहे. ही घाईची तपासणी झाली. निर्णय टेपवरच घ्यावा.

चेनचा पत्रा रबरासारखा लांबत नाही. प्रत्येक पिन ज्या बुशात, म्हणजे छोट्या नळीत, फिरते तिथे पिन आणि बुश दोन्ही घासतात आणि दर सांध्यात केसाएवढी जागा तयार होते. अशा शंभर जागांची बेरीज म्हणजे ती वाढलेली लांबी. लांबलेल्या चेनचे रोलर (बुशावर फिरणारी गोल कडी) दाताच्या बुडाशी बसत नाहीत, शेंड्याकडे सरकतात. मग जो भार सात-आठ दातांनी वाटून घ्यायचा तो एक-दोन दातांवर येतो आणि तेही झिजू लागतात. दाताची एक बाजू खोल होते, शेंडा आकड्यासारखा वळतो, दोन दातांमधली खाच रुंद होते.

आता परवाच टाकलेली नवी चेन का सटकते, ते इथे कळतं. जुनी चेन आणि जुने दाते सोबतच झिजलेले असतात, त्यामुळे ते एकमेकांना धरून चालतात. नवी चेन पुन्हा अर्ध्या इंचाच्या अचूक मापाची आणि फ्रीव्हीलच्या खाचा मात्र लांबलेल्या चेनच्या मापाने कोरल्या गेलेल्या. जोर आला की रोलर दातावर चढतो आणि पुढे उडी मारतो. अशा वेळी दुकानदाराने चेन खराब दिली असं वाटतं. चेन बहुधा चांगलीच असते, फ्रीव्हील जुनं असतं. नवी चेन आणखी ताणून हे थांबत नाही. उलट जास्त ताणलेली चेन मागच्या हबचे (चाकाच्या मधल्या भागाचे) आणि क्रँकच्या अ‍ॅक्सलचे छर्रे खाते.

फ्रीव्हील चेनव्हीलच्या आधी संपतं याचं कारणही दातांच्या हिशोबात आहे. चेनव्हील ४४ दातांचं आणि फ्रीव्हील १८ दातांचं असेल, तर पॅडलच्या एका फेरीत फ्रीव्हीलचा प्रत्येक दात जवळजवळ अडीच वेळा भार घेतो. म्हणून चेन वेळेवर बदलत गेलं तर चेनव्हील कितीतरी चेन पुरतं. माझ्या मते साध्या सायकलवर वाचवायची खरी वस्तू चेनव्हील आहे, कारण त्यासोबत क्रँक, कॉटर पिन असं सगळंच उघडावं लागतं.

ताणाबद्दल एवढंच सांगतो. वरच्या किंवा खालच्या चेनच्या मध्यावर बोटाने वर-खाली करून पाहिल्यावर सुमारे अर्धा इंच हालचाल असावी. पण ती एकाच जागी तपासू नका. चेनव्हील क्वचितच अगदी गोल असतं. पॅडल सावकाश फिरवत जिथे चेन सगळ्यात घट्ट होते ती जागा शोधा आणि तिथे अर्धा इंच ठेवा. हे न केल्यामुळे एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी एवढी ढिली होते की चेन उतरतेच. "ताणली तरी पडायलीय" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. ताणून झालं की मागून बघा, चाक दोन्ही नळ्यांच्या मधोमध आहे ना, आणि चेनव्हील व फ्रीव्हील एका रेषेत आहेत ना.

आपल्याकडची धूळ आणि चेनला लागणारं तेल

मराठवाड्यात चेन लवकर का जाते, याचं उत्तर रस्त्यावर आहे. उन्हाळ्यात मुरुमाची आणि काळ्या मातीची पिठासारखी बारीक धूळ उडत असते. खडी क्रशरजवळच्या रस्त्याला त्यात काळ्या दगडाची कच मिसळते. ही धूळ कोरड्या चेनवर फारशी टिकत नाही, पण चेनला बाहेरून तेल चोपडलेलं असेल तर चिकटते. तेल आणि कच मिळून जे काळं लगदं होतं, ते पिन आणि बुशाच्या फटीत शिरून कानस मारल्यासारखं घासत राहतं. म्हणजे चेनची काळजी म्हणून घातलेलं तेलच झीज वाढवतं.

सगळ्यात वाईट म्हणजे मोटारसायकलचं काढलेलं जळकं ऑइल. ते फुकट मिळतं म्हणून अनेक जण ब्रशने चेनवर फासतात. त्यात इंजिनच्या झिजेचे बारीक लोखंडी कण आणि काजळी आधीच असते, आणि ते अंगालाही चांगलं नाही. खायचं तेलही नको. आपल्या घरी करडईचं तेल हाताशी असतं, पण ते हवेत सुकत जाऊन चिकट थर धरतं. याच गुणामुळे ते रंग आणि वार्निशमध्ये वापरलं जातं. चेनच्या सांध्यात असा थर बसला की कड्या कडक होतात. खोबरेल थंडीत गोठतं. गंज सोडवायचा स्प्रे गंज सोडवण्यापुरता ठीक. तो पातळ असतो आणि लगेच उडून जातो. त्याच्या भरवशावर चेन ठेवू नये.

चालतं ते शिलाई मशीनचं तेल. पातळ आहे, सांध्यात शिरतं, कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतं. मात्र ते लवकर संपतं, म्हणून रोज चालणाऱ्या सायकलला उन्हाळ्यात आठवड्याला एकदा द्यावं लागतं. पावसाळ्यात ते धुऊन जातं. त्या दिवसांत गाडीचं न वापरलेलं इंजिन ऑइल थेंबाथेंबाने दिलेलं बरं. चेनसाठी मुद्दाम बनवलेली तेलं मिळत असतील तर उत्तमच, पण त्यांच्यावाचून अडत नाही.

देण्याची पद्धत तेलाच्या जातीइतकीच महत्त्वाची आहे. आधी जुन्या सुती फडक्यात चेन धरून पॅडल उलटं फिरवा, फडकं काळं येईल तोवर जागा बदलत राहा. चेन फारच माखलेली असेल तर जुन्या टूथब्रशला थोडं डिझेल लावून घासा आणि पुन्हा कोरडी पुसा. हे काम उघड्यावर आणि विस्तवापासून लांब करा. डिझेल टायरला आणि ब्रेकच्या रबराला लागू देऊ नका, उरलेलं विहिरीजवळ किंवा नालीत ओतू नका. चेन पूर्ण वाळू द्या. मग खालच्या चेनच्या आतल्या बाजूने, म्हणजे दातांना लागणाऱ्या बाजूने, प्रत्येक रोलरवर एक थेंब सोडा. जोडकडीपासून, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या क्लिपच्या कडीपासून, सुरुवात केली की एक फेरा कुठे पूर्ण झाला ते कळतं. पॅडल काही वेळ फिरवून तेल आत जाऊ द्या आणि पाच-दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. हे शेवटचं पुसणं कुणी करत नाही आणि खरा फरक त्यानेच पडतो. वंगण आतल्या पिनला हवं आहे. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं.

पावसाळ्यात काळ्या रानातून सायकल ढकलत आणली की चिखल चेनकव्हरमध्ये, मडगार्डमध्ये आणि फ्रीव्हीलवर गच्च बसतो. तो वाळला की दगडासारखा होतो. ओला असतानाच बादलीभर पाण्याने सोडवा. सर्व्हिसिंग सेंटरचा जोराचा फवारा हबवर आणि फ्रीव्हीलवर मारू नका, पाणी छर्‍यांपर्यंत जातं आणि ग्रीस बाहेर येतं. धुतल्यावर सायकल दोन-चार वेळा आपटून पाणी झटका, चेन पुसा, आणि त्याच संध्याकाळी तेल द्या. रात्रभर ओली राहिलेली चेन सकाळी तांबूस झालेली दिसते.

बाकीचे दोष

फ्रीव्हीलचे खटके अडकत असतील तर ते लगेच बदलायची गरज नाही. आत दोन छोटे खटके असतात, स्प्रिंगने उचलले जाऊन दातेरी कड्यात अडकतात. जुनं ग्रीस आणि माती साचली की खटका उठत नाही आणि पॅडल रिकामं फिरतं. चाक काढून आडवं धरा, फ्रीव्हीलच्या फिरणाऱ्या आणि स्थिर भागातल्या फटीत थोडं डिझेल सोडून फिरवत राहा, काळं पाणी निघून जाऊ द्या, वाळलं की पातळ तेलाचे चार-पाच थेंब द्या. ग्रीस भरू नका, खटके पुन्हा चिकटतील. एवढं करूनही सटकत असेल तर स्प्रिंग किंवा खटका तुटलेला आहे आणि फ्रीव्हील बदलणंच योग्य. ते उघडून दुरुस्त करायच्या नादी लागू नये. बारीक छर्रे सांडतात, आणि झाकणाचे आटे उलटे असल्याने जोर लावणाऱ्याच्या हातून तेही खराब होतात.

कॉटर पिनचा दोष ओळखायला दोन्ही क्रँक आडवे ठेवून डावं पॅडल हलवून पाहा, मग अर्धी फेरी फिरवून पुन्हा पाहा. थोडी जरी टकटक आली तरी सायकल चालवू नका, कारण ढिली पिन अ‍ॅक्सलचा सपाट भाग खाते आणि मग नवी पिनही धरत नाही. नट आवळून पिन घट्ट होत नाही. पिन हातोडीने आत बसवायची आणि नट फक्त ती धरून ठेवायला. ठोकताना क्रँकच्या खाली पाईपाचा तुकडा किंवा लाकडी ओंडका टेकवा, नाहीतर प्रत्येक टोला आतल्या छर्‍यांवर जातो. एक-दोन दिवस चालवून पुन्हा एकदा हलका टोला आणि नट आवळणं आवश्यक. पिना वेगवेगळ्या जाडीच्या येतात, जुनी सोबत नेऊनच नवी घ्या.

गिअरच्या सायकलीला हाच हिशोब लागू पडतो, फक्त तिथे अर्ध्या सुताच्या पुढे अजिबात जाऊ नये. संभाजीनगरहून दौलताबादचा घाट चढून खुलताबाद-वेरूळला जाणाऱ्यांच्या सायकली पाहिल्या तर मागचे एक-दोनच दातेचक्र झिजलेले असतात. सपाटीला सतत वापरला जाणारा छोट्या चक्राचा गिअर आधी जातो, घाटातली मोठी चक्रं शाबूत असतात. त्यामुळे "एकाच गिअरला सटकतं" म्हणजे झीज समजा. सगळ्याच गिअरला आपोआप उडी मारत असेल, तर केबलचा ताण किंवा मागच्या डिरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो ज्यावर लटकतो ती पट्टी, बघा. सायकल उजव्या बाजूला पडली की हँगर आत वाकतो आणि तारेने कितीही जुळवलं तरी गिअर बसत नाही. चेन मोठ्या चक्रावर चढायला कुरकुरत असेल तर केबलच्या टोकाचा अ‍ॅडजस्टर उलटा, घड्याळाच्या विरुद्ध दिशेने, अर्धा-अर्धा फेरा सोडून बघा.

सामान आणायला जाताना फ्रीव्हीलचे आणि चेनव्हीलचे दाते मोजून लिहून न्या. साध्या सायकलची चेन आतून एक सूत रुंदीची असते, गिअरची त्याहून अरुंद, साधारण पाऊण सूत. अरुंद चेन साध्या सायकलच्या जाड दातांवर बसतच नाही. जुन्या चेनची लांबी नवीशी जुळवताना दोन्ही शेजारी ठेवून लांबी मापू नका, जुनी लांबलेली असते. कड्या मोजा. नवं फ्रीव्हील चढवण्याआधी हबच्या आट्यांना ग्रीस लावा. पॅडल मारून ते आपोआप घट्ट होत जातं आणि ग्रीस नसेल तर पुढच्या वेळी फ्रीव्हील काढायच्या पुलरनेही निघत नाही. चेनच्या जोडकडीची क्लिप लावताना तिचं बंद टोक चेनच्या चालण्याच्या दिशेला, म्हणजे वरच्या बाजूने पाहिल्यावर पुढे, आणि उघडं टोक मागे असावं. उलटी बसली तर चेनकव्हरला किंवा काडीला अडकून निघते. आणि चार-सहा दिवसांनी मागच्या अ‍ॅक्सलचे दोन्ही नट पुन्हा आवळून घ्या.